मोडणारी इर्जिक

नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात, पण घेतल्याबिगर सांगू कसं? गेनबा. आमच्या पासली गावात भातलावणी आली की सगळ्यांच्या आधी यांच्या अंगात यायचं. रोप वीतभर झालं की हे भैरवनाथाच्या देवळात गाव गोळा करायचे आणि इर्जिक लावायचे. म्हणजे आज साऱ्यांनी मिळून सोनबाच्या खाचरात लावणी करायची, उद्या ठकुबाईच्या, परवा आणिक कुणाच्या. ज्याचं खाचर, त्यानं जेवण घालायचं. गुळवणी न्हाईतर मटण, ऐपतीपरमानं.

ऐकायला लई ग्वाड. पण एका साली तरी शेवटापत्तोर टिकली असंल तर शपथ! कुणाच्या घरी पाव्हणे यायचे, कुणी आमटी अळणी म्हणून रुसायचा. आणि मानसिंगभावजी तर ठरलेलेच. आपलं खाचर लावून झालं की दुसऱ्या दिशी त्यांच्या पोटात दुखायचं. एका वर्षी त्यांचं बघून आणिक चौघं घरी बसले. आमची पाळी शेवटची, रोप जागच्या जागी पिवळं पडलं, आणि भात पिकवणाऱ्याच्या चुलीवर दुकानाचा तांदूळ शिजला. मला असा संताप आला म्हणता! म्हटलं, कुत्र्याचं शेपूट वाकडं ते वाकडंच. कशाला लष्कराच्या भाकऱ्या भाजताय? त्या मानसिंगाला तर दारात उभं करू नका.

हे तंबाखू चोळत म्हणाले, "भुई सारवली की पंधरा दिसांत उखणती. म्हणून तू सारवायचं सोडतीस व्हय?"

मी भांडी आदळली. पुढल्या साली मानसिंगभावजींना बोलवायला हेच गेले.

हे देवाघरी जाऊन दोन वर्षं झाली. इर्जिक बंद पडली. आता टेम्पोनं मजूर येतात, मुकाट लावतात, जातात. भांडण न्हाई, रुसवा न्हाई, आणि बांधावरची गाणी पण न्हाईत. खरं सांगते, त्या कटकटीवाचून लावणी मला सुनी सुनी वाटती. यंदा तर टेम्पोच आला न्हाई. मजूर हायवेच्या कामाला गेले म्हणे. रोप तयार होऊन उभं, आणि मी एकटी. चार दिसांत हात लागला न्हाई तर यंदाचं भात गेलं.

अशात सकाळी मानसिंगभावजी दारात. पोरं पुण्याला, बायकोचे गुडघे गेलेले. त्यांचं खाचरही तसंच पडलेलं. टोपी हातात फिरवत म्हणाले, "वैनी, इर्जिक लावा. दादाच्या माघारी लोक तुमचंच ऐकतील."

माझं जुनं दुखणं उफाळून आलं. "आणि सगळ्यांच्या आधी तुमीच मोडणार."

"मोडीन बी एखादेवेळी," ते खाली बघत म्हणाले. "माझा मलाच भरवसा न्हाई. म्हणूनच तर कुणीतरी लावाय पायजे."

मी चपला घातल्या, आणि आमी दोघं आधी ठकुबाईच्या घरी गेलो.