पावसाळ्यातला फ्ल्यू आणि सासऱ्यांसमोरच्या गुळण्या

"हा हिवताप नाही," सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढत डॉक्टर म्हणाले. "इन्फ्लुएन्झा वाटतो."

इन्फ्लुएन्झा म्हणजे फ्ल्यू. ताप, कोरडा खोकला, आणि अंग असं मोडून येतं की वेणीला हात लागला तरी रडू यावं. सत्तावन्नची मोठी साथ ओसरली आणि आमच्या तापीकाठी तो शब्दच सगळे विसरले. पुढे एकोणीसशे साठ उलटल्यावरच्या एका पावसाळ्यात मी बैलगाडीतून तालुक्याच्या दवाखान्यात आले होते. सातवा महिना होता. थोरल्याला मिसरूड फुटलेलं, आणि मला सातवा महिना! तापाच्या आधीपासूनच मी तोंड लपवून हिंडत होते.

"पाणी पडी ऱ्हायना, नि हिवताप नही?" बाहेरच्या पावसाकडे बोट दाखवत बाकावरून सासूबाई म्हणाल्या. "डाक्तर, कुनैननी गोळी द्या."

"कुनैन अजिबात नाही. या तापाला उपयोग नाही आणि पोटातल्या बाळाला धोका आहे."

कंपाउंडर म्हणाला, "साहेब, फ्ल्यू तर थंड मुलखातला."

"सगळे असंच म्हणतात, म्हणून इथे कोणी शोधत नाही. दर पावसाळ्यात तो येत असेल, आणि आपण हिवताप म्हणून गोळ्या चारत असू."

मग त्यांनी थ्रोट वॉशिंग मागितलं. म्हणजे उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने गुळण्या करायच्या आणि ते पाणी बाटलीत धरायचं. बाटली बर्फात घालून मुंबईच्या प्रयोगशाळेत जाणार. "उत्तर यायला आठवडे लागतील. तुम्हाला उपयोग व्हायचा नाही. पुढच्या बाईला होईल."

पण बाकावर सासरे बसलेले. आमच्याकडे सून सासऱ्यांसमोर खाकरतसुद्धा नाही. मी पदराआडून पुटपुटले, "घरून पाठवते."

सकाळी बाटली भरून सासूबाईंच्या हाती दिली. दुपारी डॉक्टर स्वतः चिखलातून सायकल रेटत दारात! हातात तीच बाटली, आत तूप.

सासूबाईंना काही वावगं वाटलं नव्हतं. "सरकारी मानूसले थुकी धाडू का? बाटली धुई टाकी. रिकामी कशी धाडानी?"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "आता माझ्यासमोर. इथेच."

ओट्यावर सासरे, थोरले दीर, दोन शेजारी. सासूबाईंनी तोवर कुठूनशी कुनैनची गोळी मिळवली होती. "वहू, तमासा करू नको. गोळी खाय."

मी पदर वर सारला आणि घोट घेतला. तापीवरचं पंपाचं इंजिन सुरू होताना जसं घरघरतं, तसा आवाज निघाला. सासरे आभाळाकडे पाहू लागले. मी बाटलीत थुंकले. मग सासूबाईंच्या तळहातावरची गोळी उचलली आणि अंगणातल्या चिखलात फेकली.

"बाई, पोट मन्हं शे. मी खावाव नही."

पोट माझं आहे, असं एवढ्या मोठ्याने मी त्या घरात कधी बोलले नव्हते. लगेच खोकल्याची उबळ आली, त्यामुळे रुबाब फार टिकला नाही.

दुसऱ्या दिवशी ताप चढला आणि बाळ हललं नाही. भिंतीकडे तोंड करून मी पाणी पीत राहिले. चुकले असेन तर? पण गोळी मागितली नाही. तिन्हीसांजेला बरगडीखाली अशी लाथ बसली की मी ओरडलेच. बाहेरून सासऱ्यांचा आवाज आला, "तिले कोनी काही बोलू नका आते."

ताप उतरला, खोकला बरेच दिवस रेंगाळला. दिवस भरल्यावर मुलगी झाली. ती बाळसं धरत असताना डॉक्टरांनी निरोप धाडला: इन्फ्लुएन्झाच होता. आता दर पावसाळ्यात ते असे नमुने पाठवणार होते.

सासूबाई म्हणाल्या, "मंग? मी कवय नही म्हनं?" जणू त्यांनी कधी नाही म्हटलंच नव्हतं.

बायांनो, पावसात ताप आला तर रक्त तपासून घ्या, पडून राहा, पाणी प्या. गोळी कशाची आहे ते विचारा. घरचे रागावतील. रागावू द्या. चिखलातून सायकल रेटणाऱ्या त्या डॉक्टरांचे माझ्यावर उपकार आहेतच. पण थोडे माझे स्वतःचेही आहेत, आणि ते लिहायला मी लाजणार नाही.