घडी उघडून कापलेला ड्रेस

नातीचं झबलं बेतायला आज वर्तमानपत्र पसरलं. शाईचा वास आला आणि मी थेट मालगुंडला आतेच्या ओटीवर पोचले, कॉलेजातली मुलगी होऊन.

माझा उजवा खांदा जन्मापासून खाली. कुठलाही ड्रेस त्या बाजूला घसरायचा, म्हणून मी ओढणी पिनांनी जखडून हिंडायची. त्या दिवशी शिवणाच्या पुस्तकावरून मीच कागदाचं कटिंग केलं, कापडाची दुहेरी घडी घातली, कात्री उचलली आणि रडू फुटलं. यातूनही दोन्ही खांदे सारखेच निघणार होते.

"घडी कशाला घालत्येस गो?" आते म्हणाली. "उघड ती. उजवी बाजू वेगळी काप."

"पुस्तकात तसं नाहीये."

"पुस्तक लिहिणाऱ्यानं तुला पाहिलंन् कुठे?"

उजव्या खांद्याला आम्ही बोटभर जास्त उतार दिला. संध्याकाळी ड्रेस घालून मी हात वर केले, वाकले, अंगणभर धावले. काहीच घसरलं नाही. ओढणी खुंटीवरच राहिली.

आज कापडाची घडी घालण्याआधी मी नातीचे इवलेसे खांदे चाचपले. सारखे आहेत. नसते तरी काय, घडीच तर उघडायची होती.