गुरुजींचा दुसरा सत्कार

घाटंजीच्या आमच्या वाचनालयात मी ग्रंथपाल. वाचक कमी व्हायला लागले तसं मी एक छोटं संकेतस्थळ काढलं आणि त्याला फीड जोडलं. संकेतस्थळावर काही टाकलं, की नोंदणी केलेल्या वाचकांच्या मोबाईलवर ते आपोआप पोचायचं. नवी पुस्तकं, व्याख्यानं, शिवाय गावाच्या कामाच्या बातम्या: नळ कधी येणार, डोळ्यांचं शिबिर कधी. पुस्तकांपेक्षा नळालाच वाचक जास्त, हे मी मनाला लावून घेतलं नाही.

आमचे अध्यक्ष मराठीचे निवृत्त शिक्षक. सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणतं. बोलतात अस्सल वऱ्हाडी, पण लिहिण्यात वेलांटी इकडची तिकडे झालेली त्यांना खपत नाही. एका रविवारी त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला.

"बाई, मागच्या वर्षीच्या बातम्या पाहून राह्यलो. 'सत्कारमूर्ति' ऱ्हस्व? माह्याच सत्काराच्या बातमीत?"

"गुरुजी, जुनी आहे ती. आता कोण वाचतं?"

"मी वाचून राह्यलो ना."

म्हणून दुपारभर बसून मी वर्षभराच्या सगळ्या बातम्या दुरुस्त केल्या. आमच्या फीडला दुरुस्ती आणि नवी बातमी यातला फरक कळत नव्हता, आणि हे मला कळत नव्हतं. मी इकडे मूर्ती दीर्घ केली आणि तिकडे गावभर मोबाईल वाजले: 'उद्या सकाळी दहाला वाचनालयात गुरुजींचा सत्कार.' मागोमाग: 'उद्यापासून दोन दिवस नळ येणार नाही.' बातमीत तारीख घालायची मला सवयच नव्हती.

सोमवारी साडेनऊला कुलूप उघडायला गेले, तर दारात तीसेक माणसं. कोणाच्या हातात नारळ, कोणाच्या शाल. एक जुने विद्यार्थी तर दारव्ह्याहून पहिल्या जीपने आलेले. माझ्या शेजारच्या वहिनीही दारात होत्या, पण त्या सत्काराला आल्या नव्हत्या.

"घरातला एकूण एक गंज पाण्यानं भरून ठेवला म्या," त्या म्हणाल्या. "कुकरही. आता भात कायच्यात लावू? अन् नळ तं सकाळीच आला."

मी काय झालं ते सांगणार, तेवढ्यात गुरुजी आले. इस्त्रीचा पांढरा सदरा, डोक्यावर नवी टोपी. फीड त्यांच्याही मोबाईलवर गेलं होतं.

"मले सांगतलं नाही तुम्ही," ते हळूच म्हणाले. चेहऱ्यावर केवढा आनंद! मी आत जाऊन सतरंजी अंथरली.

पाच भाषणं झाली. माणसं तीच, आठवणीही त्याच, फक्त वर्षभरात जरा लांबलेल्या. गुरुजींनी उत्तर दिलं पाऊण तास. कोणी उठलं नाही.

दोन दिवस मला चैन पडेना. शेवटी मी त्यांच्या घरी जाऊन सगळं कबूल केलं.

"ठाऊक आहे मले," गुरुजी म्हणाले. "तिसऱ्या भाषणात मागचाच किस्सा आला, तवाच समजलं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"इतके लोक आलते. त्याइले वापस कायले पाठवा?" मग ते म्हणाले, "अन् शाल यंदाची बरी आहे. मागची पातळ होती."

पुढच्याच आठवड्यात दारव्ह्याच्या एका वाचनालयाच्या चिटणीसांचा फोन आला. तुमच्या कार्यक्रमाला एवढी माणसं जमतात कशी, म्हणून विचारत होते. मी खरं ते सांगितलं. त्यांना वाटलं, मी युक्ती लपवते आहे.