एक नंबर लहान

थोरल्या काकांनी मला आयुष्यात एकदाच बूट घेऊन दिले. त्याचं उट्टं काढायला मला बारा वर्षं लागली. मधल्या काळात मी विसरले असेन, माफ केलं असेल, असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी तो गैरसमज काढून टाकावा. साप डूख धरतो म्हणतात. सापाचं मला माहीत नाही, मी धरला होता.

आमचं गाव कोडोली. घरात चार म्हशी, थोडा ऊस, आणि सगळ्यांच्या वर थोरले काका. माझे वडील त्यांचे धाकटे भाऊ. वडिलांचं मत काय असतं हे मला कधी कळलंच नाही, कारण ते विचारायची वेळ यायच्या आत काकांचं मत होऊन गेलेलं असायचं. काकांची गावात एका गोष्टीसाठी ख्याती होती. चप्पल निवडावी तर त्यांनीच. कुणाच्या घरी लग्न ठरलं की नवरदेवाला घेऊन ते एस.टी.नं कोल्हापूरला जायचे, चप्पल लाइनीत एकेक दुकान पालथं घालायचे, तळ वाकवून बघायचे, कातड्याचा वास घ्यायचे, कानाशी धरून करकर ऐकायचे. मग जी पसंत करायचे ती हमखास एक नंबर लहान असायची. टाच बोटभर बाहेर. नवरदेवाचं तोंड उतरलं की म्हणायचे, "चावल्याबिगर चप्पल पायाची हुत न्हाई."

आणि ते खोटं नव्हतं. कोल्हापुरी चप्पल घट्टच घ्यायची, आठ दिवस तेल पाजायचं, कळा सोसत वापरायची. महिनाभरात कातडं पायाचा आकार घेतं आणि मग वर्षानुवर्षं हलत नाही. आमच्या भागात शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. बूट म्हणजे चप्पल नव्हे, एवढंच काकांना माहीत नव्हतं. आपल्याला माहीत नसलेलं जगात काही असू शकतं, हेही माहीत नव्हतं.

त्र्याण्णव-चौऱ्याण्णवचं साल असेल. मी कोल्हापुरात कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि तीन हजार मीटर पळत होते. सराव पांढऱ्या कॅनव्हासच्या बुटांत चालायचा. त्यातल्या उजव्यातून अंगठा बाहेर डोकवायचा. विद्यापीठाच्या स्पर्धा तोंडावर आल्या तेव्हा आमच्या खेळाच्या मॅडमनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, पहिल्या दोघींत आलीस तर विद्यापीठाच्या संघातून बाहेरच्या राज्यात पळायला जाशील, त्या सर्टिफिकेटवर पुढं नोकरी मिळते. आता पळायचे चांगले बूट घे. संध्याकाळी घ्यायला जा, दिवसभरात पाय थोडा सुजतो. मोजे घालून बघ. आणि अंगठ्यापुढं अंगठाभर जागा राहू दे, पळताना पाय पुढं सरकतो.

हे सगळं मी घरी जसंच्या तसं सांगितलं. वडील ऐकत होते. काका म्हणाले, "पायताणाचं माझ्यावर सोपवा." झालं, सोपवलं.

सकाळच्या पहिल्या एस.टी.नं आम्ही गेलो. दुकानदारानं माझा पाय लोखंडी मापावर ठेवला आणि सहा नंबर काढला. मी घालून बघितला. पाय मोकळा होता, बोटं हलत होती, मला तर तिथंच पळत सुटावंसं वाटलं. काकांनी वाकून टाचेत बोट घातलं. ते सहज गेलं.

"पाच दाखवा," ते म्हणाले.

"पावणं, पोरीला सहाच लागतंय," दुकानदार म्हणाला.

"कातडं सैल हुतंय की."

"ह्यात कातडं कुठलं? वर जाळी हाय, खाली रबर. हे सैल हुत न्हाई."

"दुकान तुमचं, पर पायताणातलं मला सांगू नका."

मी म्हणाले, "काका, मॅडम म्हणत होत्या पुढं जागा..."

"मास्तरणीला पायातलं काय कळतंय?" ते म्हणाले. पाच नंबर बांधून झाला. दुकानदारानं माझ्याकडं बघितलं. मी खाली मान घातली. त्या खाली घातलेल्या मानेचा मला काकांपेक्षाही जास्त राग येतो, अजून येतो.

घरी आल्यावर त्यांनी बुटांना एरंडेल पाजलं. खरंच पाजलं. वाटीत तेल घेऊन, चिंधीनं, जाळीच्या भोकाभोकांत. आठ दिवस रोज. गोठ्याच्या खुंटीवर टांगलेले ते बूट तेलानं पिवळे पडले, त्यावर वैरणीचा भुसा चिकटला आणि त्यांना औषधाच्या बाटलीसारखा वास मारायला लागला. सैल मात्र सूतभरही झाले नाहीत. मी काकूला म्हणाले, माझे जुने कॅनव्हासचेच बरे. काकू म्हणाली, त्यांचा अपमान होईल.

स्पर्धेच्या दिवशी काका विद्यापीठाच्या मैदानावर आले. एकटे नाही, माझे वडील आणि गावातले चौघे बरोबर. फेटा बांधून कुंपणाशी उभे राहिले आणि बोट करून सगळ्यांना माझे बूट दाखवत होते.

तीन हजार मीटर म्हणजे साडेसात फेऱ्या. चार फेऱ्या मी दुसरी होते. पुढची मुलगी हाताच्या अंतरावर होती आणि तिचा श्वास फुलल्याचं मला ऐकू येत होतं. माझ्या छातीत अजून भरपूर होतं. पायात नव्हतं. प्रत्येक पावलाला दोन्ही अंगठे बुटाच्या टोकावर आपटत होते आणि नखाखाली सुई घालावी तशी कळ मस्तकात जात होती. पाचव्या फेरीत डाव्या बुटाचा तळ तेलानं सुटला आणि फटफट वाजायला लागला. बूट काढून फेकावेत आणि अनवाणी पळावं, असं मनात आलं. लहानपणी बांधावरून अनवाणीच पळत होते. पण कुंपणाशी काका उभे होते. मी सातवी आले.

परतीच्या एस.टी.त त्यांनी निकाल सांगितला, सगळ्या गाडीला ऐकू जाईल असा. "बूट तर असलं भारी घेतलं हुतं. पर पोरीत दमच न्हाई, त्याला बूट काय करणार?" चौघांनी माना हलवल्या. वडील खिडकीतून बाहेर बघत होते. माझे मोजे रक्तानं बुटाला चिकटले होते, ते मी घरी जाऊन कोमट पाण्यात सोडवले. पंधरा दिवसांत दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडून गळाली.

नखं परत आली. वाकडी आली, पण आली. पळणं परत आलं नाही. पुढच्या वर्षी सरावाला जायचं नाव काढलं तर वडील म्हणाले, काका म्हणतात ते खरं आहे, उगीच कशाला दमछाक. आणि काका ते म्हणतच राहिले. लग्नात, बारशात, गावच्या जत्रेत, माझा विषय निघाला की "हिच्यात दम न्हाई" हे वाक्य ते सुपारीसारखं तोंडात धरून असायचे. बूट लहान होते हे मी एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सगळे हसले. नाचता येईना अंगण वाकडं, असं कुणीतरी म्हणालं. तेव्हापासून मी गप्प बसले आणि दात-ओठ खाणं मनातल्या मनात चालू ठेवलं.

मधे एक छोटा हप्ता वसूल केला, तोही सांगून टाकते. चुलत भावाच्या लग्नात काकांनी स्वतःला नवी करकरणारी चप्पल घेतली होती. मांडवाबाहेर सगळ्यांची पायताणं पडली होती. अक्षता पडत असताना मी त्यांची डावी चप्पल उचलली आणि मागच्या उसात लांब भिरकावली. उजवी तिथंच ठेवली. चोरानं एकच चप्पल कशाला नेली असेल, यावर काका आठ दिवस डोकं खाजवत होते. मला पश्चात्ताप झाला नाही. उजवीही फेकायला हवी होती असं कधी वाटलं नाही. एकीतच जास्त मजा होती.

पुढं मी शारीरिक शिक्षणाचा कोर्स केला आणि कोल्हापुरातल्या एका शाळेत खेळाची शिक्षिका झाले. लोकांना वाटायचं मला खेळाची आवड. आवड होतीच, पण निम्मा तरी राग होता. माझ्या मुलींना बूट घ्यायचे असले की मी स्वतः दुकानात जायचे. संध्याकाळीच जायचे. दोन्ही पाय कागदावर आखून घ्यायचे, कारण एक पाय दुसऱ्यापेक्षा थोडा मोठा असतो आणि बूट मोठ्या पायाचा घ्यायचा असतो. मोजे घालून, उभं करून, अंगठ्यापुढं माझा अंगठा दाबून बघायचे. मग मुलीला विचारायचे, कुठं लागतंय? तिनं नीट सांगेपर्यंत हलायचे नाही. एखादे वडील म्हणाले की घट्टच द्या, तर मी असं बघायचे की ते बाहेर जाऊन पान खाऊन यायचे. दुकानदार मला घाबरायचा.

दोन हजार पाच-सहा साली काकूचा फोन आला. काकांना साखरेचा त्रास होता, तो वाढला होता. चप्पल चावून करंगळीला फोड आला होता तो दोन महिने भरला नव्हता. डॉक्टरांनी चप्पल बंद केली होती, रोज चालायला सांगितलं होतं, आणि चालायला पळायचे बूट घ्या म्हणाले होते. "तूच ने बाई त्यास्नी," काकू म्हणाली. "तुला बुटातलं कळतंय."

मी हो म्हणाले. इतक्या लगेच म्हणाले की काकूला बरं वाटलं असणार.

काय करायचं ते मी स्कूटीवरून स्टँडकडं जातानाच ठरवलं. एक नंबर लहान. बस्स. पायात कोंबायचे, आणि ते कळवळले की म्हणायचं, चावल्याबिगर पायाचं हुत न्हाई, काका. हे वाक्य मी दसरा चौकाच्या सिग्नलला मोठ्यानं म्हणून बघितलं. शेजारच्या रिक्षावाल्यानं वळून बघितलं. त्यांना दोन पावलं तरी कळावं, हे मला हवं होतं. चारचौघांत त्यांचं तोंड वाकडं झालेलं मला बघायचं होतं. नंतर बूट बदलून दिले असते का? तेव्हा तरी तसा विचार नव्हता.

एस.टी.तून उतरलेले काका वाळले होते. फेटा नव्हता, टोपी होती. दुकानात मी त्यांना खुर्चीवर बसवलं. माप घेतलं, नऊ आलं. मी आठ मागितला. दुकानदार म्हणाला, "मॅडम, आठ?" मी म्हणाले, आठ. त्यानं निमूट काढून दिला.

मी खाली बसले, मोजा चढवला आणि बूट घातला. जोर लावावा लागला. टाच आत गेली तसं मी वर बघितलं.

"दुखतंय?"

"न्हाय."

"पुढं दाबतंय?"

"न्हाय की. ब्येस हाय."

मला वाटलं, तोरा दाखवतायत. मी बोट टेकलं आणि त्यांच्या अंगठ्यावर नख रुतवून दाबलं, चांगलं जोरात. ते वर फिरणाऱ्या पंख्याकडं बघत होते. पुन्हा दाबलं. त्यांची पापणीसुद्धा हलली नाही. जाळीतून मला दिसत होतं, अंगठा आत दुमडून वर उचलला गेला होता.

"काका, मी कुठं हात लावलाय?"

त्यांनी मान खाली करून बघितलं, मग सांगितलं. बघितल्याशिवाय त्यांना सांगता आलं नाही.

मला संताप आला. दया नंतर आली असेल, आधी संतापच आला. बारा वर्षं जे जपून ठेवलं होतं ते द्यायला आले आणि घेणारा घरात नाही, असं झालं. ह्या बुटात हा माणूस रोज हसतमुखानं चालला असता. फोड आला असता, चिघळला असता, एक दिवस अंगठा काढावा लागला असता, आणि त्यांना त्यातलं काहीही कळलं नसतं. हा माझा सूड नव्हता. मला त्यांचा पाय नको होता.

मी बूट ओढून काढला आणि दहा नंबर मागितला. सूज येते, जाड मोजे घालावे लागतात, दहाच बरोबर. तो घालून मी त्यांना उभं केलं. ते दोन पावलं चालले आणि थांबले. बुटाकडं बघत राहिले.

"तूच सांग, बसलाय का?" ते म्हणाले. "मला काय कळंना झालंय."

मी जमिनीवर बसल्या बसल्याच म्हणाले, "तवा मला इचारलं असतं तर?"

"कवा?"

"विद्यापीठाच्या मैदानावर. पाच नंबरचं बूट."

ते खुर्चीवर बसले. दुकानदार खोकी लावायला लागला, पण कान इकडंच होते. "अजून ते धरून बसलीस व्हय?" काका म्हणाले.

"धरलंय."

"तवा तू ल्हान हुतीस. तुला काय कळत हुतं?"

"पाय माझं हुतं की, काका."

त्यांनी दुकानदाराकडं बघितलं, तो तरी काही बोलेल म्हणून. तो खोकी लावत राहिला. मी दहा नंबर बांधायला सांगितला. रंग कुठला हवा, लेसचे हवेत की पट्टीचे, हेही सगळं मीच ठरवलं आणि त्यांना एका शब्दानं विचारलं नाही.