खोताच्या मोटारीचं पायाचं बटन

तवा खोताच्या घरामागच्या मांगरात, म्हंजे मोटार ठेवायच्या गोठ्यात, आमचा चौघांचा वावर असायचा. मी, आमचे हे, खोत, आन खोताची म्हातारी आई. मोटार धरली तर पाच. धरायलाच पायजे, त्या घरात आमच्यापेक्षा तिचा मान मोठा व्हता.

सरकारनं खोती काढली, तवा खोताकडं मिरवायला तेवढी मोटारच उरली. काळी, विलायती. आमचे हे ती चालवायचे. आम्ही कोळी, पण होडी खडकावर फुटली आन परत दर्यात जायला काय उरलं न्हाय. दोन पोरींच्या पानात भात पडायचा तो त्या मोटारीवर. म्हणून बटनाची गोष्ट ध्यानात ऱ्हायली, न्हायतर बटन कोण आठवतंय.

हे बटन ड्रायव्हरच्या डाव्या पायाशी, खालच्या पत्र्यात असायचं. समोरून गाडी आली की पायानं दाबायचं. मग दिव्यांचा उजेड खाली जातो, समोरच्याचे डोळे दिपत न्हाईत.

एका दिवेलागणीला खोताला घेऊन म्हसळ्याहून येताना वळणावर एसटी समोर आली. ह्यांनी बटन दाबलं आन दिवे खाली जायच्या ऐवजी इझूनच गेले. मोटार रस्त्याकडेच्या दगडी गडग्याला घासली. कुणाला खरचटलं पण न्हाय. खोताची टोपी तेवढी शेणात पडली, आन गावभर बोंब झाली ती टोपीची.

दुसऱ्या दिवशी खोतानं मांगरात मला पण बोलावून घेतलं, बायकोसमोर नवऱ्याला झाडायला.

"चार दिवसांनी मुलीला बघायला माणसं यायची आहेत," तो म्हणाला. "त्यांना परत सोडायला अंधार पडणार. तोवर हे नीट झालं तर ठीक. नाहीतर मी दुसरा ड्रायव्हर बघतो."

ह्यांनी मोटारीतलं पायपुसणं उचललं. खाली बटन कसलं, हिरवट निळा गोळा झालेला. बोट लावलं तर भुगा.

खोतानं वाकून बघितलं आन निकाल दिला. "कोळ्याच्या पायात मीठ असतं. त्यानंच खाल्लं लोखंड."

मी म्हटलं, "साहेब, मी जन्मभर विळीवर पाय ठेवून म्हावरा चिरते. माझी विळी कुठं खाल्ली?"

"तू मध्ये बोलू नकोस!"

खरं काय ते आम्हा दोघांना म्हाईत व्हतं. वास येत व्हता की! खोताची आई रोज सकाळी तांब्या घेऊन यायची आन ड्रायव्हरच्या पायाशी गोमूत्र ओतायची. तिथं कोळ्याचे पाय लागतात ना. मग स्वतः मागच्या सीटवर जाऊन बसायची. घाटात जीव ह्यांच्या हातात द्यायला तिची हरकत नव्हती, विटाळ तेवढा पायांचा.

मी तोंड उघडणार तर हे हळूच म्हणाले, "गप. म्हातारीचं नाव काढलंस तर आजच घरी बसावं लागंल."

म्हसळ्याला लॉऱ्या दुरुस्त करणारे एक चाचा व्हते. त्यांनी एका मोडक्या लॉरीचं बटन काढून दिलं. हे मोटारीखाली उताणे पडून, कपाळावर गंज घेत, ते बसवत व्हते. मी मोटारीच्या पुढं भिंतीशी उभी, उजेड बघायला.

"आता बघ गं. खाली आला?"

"न्हाय. इझला."

"इझला कसा?"

"मला काय इचारता? तुमचाच दिवा."

तारा उलट्या लागल्या व्हत्या. परत सोडल्या, परत जोडल्या. मग उजेड माझ्या तोंडावरून गुडघ्यावर आला. मी हसले. बऱ्याच दिवसांनी हसले असंन.

तेवढ्यात म्हातारी तांब्या घेऊन दारात. ह्यांचं तोंड उतरलं. नवं बटन किती दिवस टिकणार?

मी पदर सावरला. "आईसाहेब, एक इचारू? तुम्ही गोमूत्र ओतता, आन त्याच्यावर आमचे हे दिवसभर पाय ठेवतात. असल्या पवित्र वस्तूला रोज पाय!"

म्हातारी थबकली. "अगं बाई! मग पाप कुणाला?"

"ओतणाऱ्याला का पाय ठेवणाऱ्याला, मला अडाणीला काय कळतंय."

तांब्या तसाच परत गेला. दुसऱ्या दिवसापासून पुढच्या काचेपाशी तुळशीचं पान. शुद्ध बी झालं, सुकं बी ऱ्हायलं.

पाहुणे आले. मुलगी पसंत पडली. रात्री हे त्यांना सोडून आले. पुढच्या खेपेला वरबाप खोताला म्हणाला, "तुमची मोटार समोरच्याला बघून दिवे खाली घेते. घराण्याचं वळण दिसतं!" खोत म्हणाला, "आमच्याकडं पहिल्यापासून तसंच आहे."

मुलीचं लग्न झालं, ह्यांची नोकरी ऱ्हायली, पोरी मोठ्या झाल्या. पण त्या लग्नात वऱ्हाड ने-आण करणारा माझा नवरा मांगरात एकटा जेवला, सगळी पंगत उठल्यावर, गार भात.

वाचणाऱ्याला माझं एवढंच मागणं हाय. तुमची गाडी दुसरं कोण चालवत असंल तर जेवायच्या वेळी त्याला आत बोलवा, आन तुमच्या बरोबर बसवा.