मला त्याची बोली कळत होती

ही गोष्ट माझ्या तोंडून कधी बाहेर पडली नाही. पडायला हवी होती, वेळही आली होती. आज तुम्हाला सांगतोय, आणि सांगतानाही तोंड कडू होतंय.

आखातात बरीच वर्षं काढून मी चंद्रपूरकडे आपल्या गावी, सावलीला परत आलो. आता आसपासच्या गावांतली पोरं पासपोर्ट हातात पडला की माझ्याकडे येतात. काका, तिकडे राहायचं कसं? मी खुर्चीत रेलून सांगतो: पाणी पीत राहा, खोलीतल्यांशी भांडू नका, जुळवून घ्या. पोरं माना डोलावतात. ‘जुळवून घ्या’ म्हणताना मला स्वतःची किळस येते. मी कसं जुळवून घेतलं, ते कुठे सांगतो त्यांना?

पहिल्या कॅम्पात मला विचारलं, कहाँ से? मी खरं ते सांगितलं. चंद्रपूर कुणाला ठाऊक नव्हतं, म्हणून जंगल, वाघ असं काहीबाही बोललो. सगळे हसले. मग मी घरी फोन लावला, की कोपऱ्यातून कुणीतरी ‘काऊन, काऊन’ असं कावळ्यासारखं ओरडायचं. ‘का’ विचारायचा आपला रोजचा शब्द — आणि मला त्याचीच लाज वाटू लागली. दुसऱ्या कॅम्पात बदली झाली तेव्हा मी आधीच ठरवून गेलो होतो. कहाँ से? बंबई. मुंबईचं मी विमानतळ तेवढं पाहिलं होतं.

यात कुणाचं काय बिघडलं? कुणाचंच नाही. उलट जमलं. हिंदी घासूनपुसून साफ केली, घरचा फोन कुंपणाच्या भिंतीमागे जाऊन घेऊ लागलो. ‘बंबईवाला’ म्हणून मान मिळाला, स्टोअरचं काम मिळालं. नट-बोल्ट मोजून द्यायचे, मोजून परत घ्यायचे. एक बोल्ट कमी भरला तर मला जेवण जात नसे. आज याचीच सर्वांत जास्त घाण वाटते — बोल्टांच्या बाबतीत मी किती प्रामाणिक होतो!

मग सुकरू आला. धानोऱ्याकडच्या जंगलातल्या गावचा गोंड. घरी गोंडी, बाहेर आपलीच झाडी बोली, हिंदी जेमतेम. कुणीतरी त्याला सांगितलं असावं, स्टोअरवाला मराठी आहे म्हणून. धावतच आला.

“जोहार भाऊ! तुमी मराठी हाव म्हन्ते. कुठले जी?”

काय आनंद होता त्या चेहऱ्यावर. मी म्हणालो, मुंबईचा. आणि वर — तुझं बोलणं मला नीट समजत नाही.

तो ओशाळून हसला. “आमचं बोलनं तसंच हाय जी, जंगलातलं.” माफीच मागितली म्हणा ना. मी ती मागू दिली.

उन्हाळ्यातली दुपार होती. सुकरू परांचीवरून खाली उतरला आणि खांबाला धरून उभा राहिला. फोरमन माझ्या खिडकीशी होता, खोलीतले दोघेजणही होते.

“भाऊ, मले भोवंड येऊन राह्यली. फोरमनले सांगा ना.”

भोवंड. डोकं गरगरणं. हा शब्द माझी आई चुलीपुढे बसून म्हणायची. तो न कळायला मी काय परदेशात जन्मलो होतो?

फोरमननं मला विचारलं, “क्या बोल रहा है? तेरी ही भाषा है ना?”

“मेरी नहीं. जंगल की है,” मी म्हणालो. ते दोघे फिसकन हसले.

एवढ्यावर थांबलो असतो तर निदान नुसता भित्रा ठरलो असतो. मी थांबलो नाही. आपणहून पुढे म्हणालो — “काम टाल रहा होगा.”

हे मला कुणी विचारलं नव्हतं. मग का म्हणालो? हशा आणखी मिळावा म्हणून? पुन्हा विचारू नये म्हणून? पुष्कळ शोधलं. जे सापडतं ते नुसतं ओंगळ आहे.

फोरमन ओरडला. सुकरूनं माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा वर चढला. थोड्या वेळानं पडला. खुब्याचं हाड मोडलं. चौकशीत मला विचारलं, तो काही बोलला होता का? मी म्हणालो, काही समजलं नाही. चूक त्याचीच ठरली, आणि त्याला घरी पाठवून दिलं.

गेल्या हिवाळ्यात बायकोला घेऊन नाटकाला आमच्याच भागातल्या वडसाला गेलो होतो. ती चहा आणायला गेली आणि मागून कुणीतरी हाक मारली. सुकरू. काठी टेकत आला, सोबत त्याची बायको. तिला माझी ओळख करून दिली — “हे बंबईचे भाऊ. त्याईले आपली बोली समजत नाई. नाईतर त्याईनं सांगतलं असतं फोरमनले.”

त्यानं मला केव्हाच सोडवलं होतं, माझ्याच खोट्याच्या जोरावर. आणि मी? वडसाच्या मातीत उभा राहून, ठेवणीतल्या मुंबईच्या मराठीत विचारलं, “आता पाय कसा आहे तुझा?”

“चालते जी,” तो म्हणाला. “वावरात जाता येत नाई, बस.”

तेवढ्यात माझी बायको हातात कप घेऊन आली. “काऊन जी, केव्हाची शोधून राह्यली तुमाले! नाटक संपल्यावर सावलीले जायाची गाडी पाहून ठेवली का?”

सुकरूनं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं.

“सावली?” त्यानं विचारलं. एवढंच.

त्यानं आपल्या बायकोला ‘चाल’ म्हटलं आणि काठी टेकत गर्दीत निघून गेला.

“कोन व्हते ते?” बायकोनं विचारलं.

मी म्हणालो, ओळखत नाही.