नीळ न घातलेला साचा

येसाजी सरांनी जन्मभर पुढाऱ्यांचे पुतळे केले, फेट्यामिश्यांसकट. घरच्या माणसाचा चेहरा मात्र राहून गेला. बायको गोदू तीस वर्षं त्यांच्यासाठी माती मळायची आणि विचारायची, "माझं तोंड कवा करणार?" "तू कुठं पळून जातेस?" हे सरांचं ठरलेलं उत्तर. तीन वर्षांपूर्वी गोदू गेली.

सर मूळचे उरणचे, मिठागरात राबणाऱ्या बापाचा मुलगा. लहानपणी तिथल्या चिखलाचे बैल करायचे. मुंबईच्या कला महाविद्यालयात शिकले, तिथंच अठ्ठावीस वर्षं शिकवलं आणि निवृत्तीनंतर नागावच्या वाडीत पत्र्याची शेड ठोकून शिल्पकलेचा वर्ग काढला. शिवानी त्या वर्गाची पहिली विद्यार्थिनी, आता सरांच्या हाताखाली शिकवणारी. सर भारी तापट. कुणाच्या कामावर छिन्नीचा चरा उठला तर बुजवू द्यायचे नाहीत. "डोळ्यासमोर ऱ्हाऊ दे. बुजवला की हात विसरतो," म्हणायचे.

यंदा त्यांनी गोदूचा चेहरा मातीत घडवला. शेवटचा हात फिरवला आणि आठवड्याभरात त्यांचं उजवं अंग लुळं पडलं. माती वाळून तडकायच्या आत ते काम प्लॅस्टरमध्ये उतरवायला हवं होतं. ते शिवानीवर आलं.

हा खेळ एकदाच होतो. मातीवर प्लॅस्टरचा साचा चढवायचा, मग आतली माती खरवडून काढायची, म्हणजे मूळ मूर्ती गेलीच. रिकाम्या साच्याला आतून साबण फासून, काथ्या घालून पुन्हा प्लॅस्टर भरायचं आणि ते घट्ट झालं की बाहेरचा साचा छिन्नीने फोडायचा. म्हणून साच्याच्या पहिल्या थरात कपड्यांना घालतात ती नीळ मिसळतात. निळं दिसलं की हात आवरायचा, खाली चेहरा आहे.

भरलेलं प्लॅस्टर घट्ट झालं, सरांना शेडमध्ये खुर्चीत आणून बसवलं आणि शिवानीने पहिली खपली उडवली. पांढरं. आणखी खोल गेली. पांढरंच. माती तडकेल या घाईत ती नीळ घालायलाच विसरली होती! पोरांच्या कानीकपाळी ओरडणारी बाई, आणि ऐन वेळी तिनंच माती खाल्ली.

"सर, मी नीळ नाही घातली," ती कशीबशी म्हणाली आणि शिव्या खायला उभी राहिली.

सरांनी साच्याकडे मान वळवली. मग म्हणाले, "माझी खुर्ची जवळ घे." डावा तळवा त्यांनी साच्यावर ठेवला आणि डोळे मिटले. "मार. हलक्या हातानं."

टक्. "अजून हाय."

टक्. "अजून."

टक्. "थांब."

शिवानीला आवाजात काडीचा फरक कळला नव्हता. तिने नखाने खपली उचलली. खाली गोदूबाईंचा कान होता, पाळीवरच्या सुरकुतीसकट अख्खा. बोलताना जीभ अडखळणारा हा म्हातारा प्लॅस्टरच्या आतलं ऐकत होता! दोन दिवस तसंच चाललं. कपाळ आलं, नाक आलं, हनुवटी आली. माणसाला एवढं येऊ शकतं, या विचाराने ती जेवायचंही विसरली.

शेवटी उरला डावा गाल. सरांचा "थांब" आला आणि शिवानीचा हात पापणी लवेल इतकाच उशिरा थांबला. गालावर बोटभर चरा उठला.

"बुजवते सर. लगेच भरते, कळणारसुद्धा नाही."

सरांनी चऱ्यावरून बोट फिरवलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. शिवानीला वाटलं, आज तरी हो म्हणतील. म्हणावंच. मातीतली गोदू गेली होती, साचाही फुटला होता, आता हा एवढाच चेहरा उरला होता.

"न्हाय," सर म्हणाले. "सोमवारी नवी पोरं येतील ना? हिला मधी ठेव. नीळ का घालायची ते दाखव."

सोमवारी अकरा नव्या मुलांसमोर शिवानीने गोदूबाईंच्या गालावर बोट ठेवलं. "ही चूक माझी," ती म्हणाली आणि पहिल्यापासून सांगू लागली. मागे खुर्चीत सर डोळे मिटून ऐकत होते.